गरीब गायीसारखी गाठ

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मागच्या खोलीचे कुलूप निघे. आधी कडी वाजे, मग चपला बाहेर काढल्याचा आवाज येई आणि सोजराबाई आत येत. त्या कधीच थेट माझ्यापाशी येत नसत. कोपऱ्यातल्या माठातले पाणी घेऊन हात धूत, पदराला पुसत आणि तळहात एकमेकांवर चोळून गरम करत. गार हात अंड्याला लावायचा नाही, हा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता. मग माझ्या दाराच्या काचेतून त्या तापमापीकडे पाहत. त्यांना आकडे वाचता येत नसत, म्हणून फॅरनहाइटच्या शंभराच्या खुणेपाशी एक तांबडा दोरा बांधलेला होता. पारा दोऱ्याला टेकलेला दिसला की त्या पुटपुटत, "बरं हाय."

मग अंडी फिरवण्याचे काम. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढलेला असे. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, संध्याकाळी पुन्हा फुली. असे फिरवले नाही तर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. साठ अंडी फिरवायला सोजराबाईंना सात-आठ मिनिटे लागत. एखाद्या अंड्याची शंका आली तर त्या ते घेऊन खिडकीपाशी जात. खिडकीच्या फळीला भोक होते आणि उघडीप असली की त्यातून उन्हाचा कवडसा आत येई. त्यावर अंडे धरले की आतले सारे दिसे: तांबड्या शिरांचे जाळे, जाळ्याच्या मधोमध काळा ठिपका, त्या ठिपक्याची धडधड. जाळे असेल तर जिवंत. शिरा तुटून नुसते तांबडे कडे उरले असेल तर मेलेले. सोजराबाईंचा अंदाज दोन वर्षांत एकदाही चुकला नाही. म्हणजे, अंड्यांच्या बाबतीत चुकला नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, विजेवर अंडी उबवणारी. आज मी भोरमधल्या एका कॉलेजच्या मागच्या पडवीत मोडक्या बाकांखाली पडून आहे. माझ्या दाराची काच गेली आहे आणि आतल्या जाळीवर कोळ्यांनी घर केले आहे. पण एके काळी माझ्या पोटात एकाच वेळी साठ काळजे चालत असत, आणि त्यांतल्या एकाही काळजाचे पुढे काय होणार हे मला माहीत नसे. ती गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. ती गोड नाही.

माझा जन्म १९६१ साली पुण्यात एका सुताराच्या कारखान्यात झाला. त्याने माझी चौकट सागवानी केली, भिंती दुहेरी केल्या आणि त्यांच्या मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा ठासून भरला. आतून जस्ताचा पत्रा लावला, तळाशी विजेच्या तारेची वेटोळी बसवली आणि वर, छताच्या किंचित खाली, एक चपटी पितळी डबी टांगली. आतली हवा तापली की ही डबी फुगते आणि वीज तोडते. हवा निवली की आकसते आणि वीज जोडते. इतकीच माझी अक्कल. किती ऊब द्यायची हे मला कळते. कोणाला द्यायची, हे मला विचारायचा कोणाचा रिवाज नव्हता.

मी प्रथम कुक्कुटपालनाच्या योजनेत लागले. एकविसाव्या दिवशी माझे दार उघडले आणि पन्नासभर पांढरी पिल्ले चिवचिवत बाहेर आली, तेव्हा आजूबाजूच्या गावांतली माणसे गर्दी करून पाहत होती. गेनबा नावाचे एक म्हातारे पुढे झाले, त्यांनी मला चोहोबाजूंनी निरखले आणि म्हणाले, "आरं, हिला ना चोच, ना पख. हिला आई म्हनायचं तर हाक कशी मारायची?" सगळे हसले. मला मात्र त्या दिवशी आई झाल्यासारखे वाटले होते.

मग मानमोडीची साथ आली. माझी पिल्ले माना वाकड्या करून अंगणाअंगणात मरू लागली. गावठी कोंबड्याही मेल्या, पण त्यांची चर्चा झाली नाही. "बिनआईची पिल्लं, त्यांच्यात जीव कुठनं यावा," असे लोक म्हणू लागले. योजना गुंडाळली गेली. मला सारोळ्याच्या एका गोदामात फवारणीच्या पंपांबरोबर ठेवले. तिथे मी पाच वर्षे होते. उंदरांनी माझ्या एका भिंतीतला भुसा उकरून काढला आणि माझ्या पितळी डबीवर हिरवे कीट चढले.

१९७२ साली मला तिथून एक तरुण प्राध्यापक घेऊन गेले. त्यांचे नाव सोपान रणपिसे. मूळचे वरवे बुद्रुकचे. आईवडिलांनी खडी फोडून त्यांना शिकवले होते, आणि घराण्यात एम.एस्सी. झालेले ते पहिलेच. भोरच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि पुण्यातल्या एका वयस्कर प्राध्यापकांच्या हाताखाली पीएच.डी.साठी संशोधन करत. त्यांनी माझ्या भिंतीत नवा भुसा भरला, डबी चिंचेने घासली, आणि सोजराबाईंना माझ्यावर नेमले.

सरांच्या संशोधनाचा विषय सोप्या शब्दांत सांगते. कोंबडीच्या अंगात कधीकधी कर्करोगाची गाठ होते. आपल्या शरीरातल्या साऱ्या पेशी एकमेकींची मर्यादा सांभाळून राहतात. गाठीतल्या पेशी तसे राहत नाहीत, त्या शेजाऱ्याचे खाऊन वाढतात आणि वाढतच जातात. अशा गाठीचे तुकडे सर पुण्याहून बर्फाच्या थर्मासमध्ये आणत. धडधाकट पिल्लाच्या पंखाखाली त्यातला कण सोडला की पंधरा दिवसांत तिथे गाठ धरे आणि तीन आठवड्यांत पिल्लू मरे. पण तोच कण तीन दिवसांच्या अंड्यात, नुकत्या आकार घेणाऱ्या गर्भात सोडला, तर गाठ होत नसे. सर कवचाला नखाएवढी खिडकी पाडत, काचेच्या बारीक नळीने कण आत सोडत, खिडकी मेणाने बुजवत आणि अंडे माझ्या स्वाधीन करत. मी ते दहा दिवस जपे. अकराव्या दिवशी सर ते बशीत फोडत. गर्भ पाय झाडत असे. सर त्याचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि त्या पेशी आपल्या शेजारणींसारख्याच निमूट बसलेल्या आढळत. गर्भ जणू त्यांना वळण लावत होता. का आणि कसे, हेच सरांना शोधायचे होते.

मी दहा दिवस जपलेला जीव अकराव्या दिवशी बशीत मरे. असे दोन वर्षांत हजारावर झाले असतील. सर निर्दय नव्हते, मित्रांनो. प्रत्येक वेळी बशीपाशी बसताना ते क्षणभर थांबत. पण थांबत आणि मग करत.

लागणारी अंडी वेल्ह्याच्या बाजूने येत. सोजराबाईंची एकुलती लेक पारू विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वस्तीवर दिली होती. तिचा नवरा हैबती शेरडेमेंढरे राखी आणि दर आठवड्याला वस्तीवरची गावठी अंडी भाताच्या पेंढ्यात घालून एस.टी.ने नसरापूर फाट्यामार्गे भोरला आणी. १९७४ च्या श्रावणात, भाताच्या लावण्या उरकल्यावर, तो आला तेव्हा पारूही बरोबर होती. तिला चौथा महिना होता.

"घ्या मामी, चाळीस हायती," हैबती पाटी उतरवत म्हणाला. "रस्त्यात एवढी खड्डं, पर एक फुटलं न्हाई. मांडीव घिऊन बसलो. कंडक्टर म्हनला, पावनं, लेकराचं तिकीट काडलं का?"

पारू हसली आणि माझ्या काचेला नाक लावून आत पाहू लागली. "आये, हीच का गं तुजी पेटी? म्हंजी कोंबडीला सुटीच की."

"कोंबडीला सुटी, मला कुठली?" सोजराबाई म्हणाल्या. "तू बस खाली. तोंड का उतारलंय?"

हैबती बिडी ओढायला बाहेर गेला. मग पारूने कमरेचा बटवा सोडला आणि चार घड्या घातलेला एक कागद काढला. लावणी करताना तिच्या डाव्या छातीत गाठ हाताला लागली होती. आधी सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती दाबून पाहिली आणि ही चिठ्ठी लिहून दिली.

"आठ दिसात पुन्याला जा म्हनल्या. कापून काडत्याल. आन् म्होरची औशीदं द्यायची तर पोटातलं ऱ्हाईल आसं न्हाई सांगता येत, म्हनल्या." पारूचा आवाज खाली आला. "दोन गेली, आये. दोन्ही चवथ्यातच गेली. ह्ये तिसरं हाय, ह्ये आता हलाया लागलंय. ह्ये मी कुनाला देनार न्हाई."

"आन् तूच न्हाई ऱ्हायलीस तर?"

पारूने हात पोटावर ठेवला.

सोजराबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "थांब. सरांस्नी इचारते. त्ये ह्याच गाठीचं करत्यात. त्येंच्यावानी कुनाला ठाव नसंल."

"आगं, पर परक्या बाप्याला ह्ये कसं सांगचील? कुठं गाठ हाय म्हनून सांगचील?"

"तुजं नाव बी काडत न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "अंड्याचं इचारते."

मित्रांनो, इथे जे घडले ते मी अनेकदा आठवून पाहिले आहे. सर शेजारच्या खोलीत टेबलापाशी बसले होते. त्याच सकाळी त्यांना पुण्याहून त्यांच्या प्राध्यापकांचे पत्र आले होते. दोन वर्षे ज्यांनी त्यांच्या कामाला नाके मुरडली, त्यांनी प्रथमच लिहिले होते: काम महत्त्वाचे दिसते. सरांनी ते पत्र चार वेळा वाचले होते. सोजराबाई दारात उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "सर, म्या एक इचारू का?"

"विचारा की."

"ही गाठ... ही वंगाळ गाठ पोटातल्या पिलाच्या सोबतीनं निवती, ते खरं का? का आपलं नुसतं कागदावर?"

सरांना मनापासून आनंद झाला. दोन वर्षांत त्यांच्या कामाबद्दल भोरमध्ये कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. "शंभर टक्के खरं," ते म्हणाले. "बाहेर जी गाठ पिल्लाचा जीव घेते, तीच गर्भाच्या संगतीत गरीब गायीसारखी राहते. त्याला धक्कासुद्धा लावत नाही. तुम्हीच तर अंडी जपता, सोजराबाई, यात तुमचाही वाटा आहे."

"मंग बरं हाय," सोजराबाई म्हणाल्या.

सरांनी विचारले नाही की आज हे का विचारता. त्यांनी विचारले असते तर त्या सांगत्या की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांनी विचारले नाही.

सोजराबाई आत आल्या आणि लेकीच्या शेजारी टेकल्या. "ऐक. पोटात ल्येकरू हाय तवर त्या गाठीचं काई चालत न्हाई. ल्येकरूच तिला वळनाव आनतं. सर म्हनले. शंभर टक्के, म्हनले."

पारूने आईकडे असे पाहिले की जणू तिला कोणी ओंजळभर पाणी दिले आहे. "मंग चिठ्ठी?"

"ऱ्हाऊ दे. बाळंत झाली का मंग जाऊ. तवर ती निवंल."

चिठ्ठी पुन्हा चार घड्या होऊन बटव्यात गेली.

पुढचे महिने हैबती एकटाच येत राहिला. भाद्रपदात म्हणाला, बरी हाय. अश्विनात म्हणाला, बरी हाय, पर हात वर हुईना. सोजराबाईंनी विचारले, पोट वाढतंय का? तो म्हणाला, पोट झ्याक वाढतंय. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझी अंडी फिरवली. सरांच्या बशीत रोज गर्भ फुटत होते आणि एकातही गाठ दिसत नव्हती. सोजराबाई मुद्दाम बशीत डोकावून जात. माझ्या पोटात त्यांच्या लेकीची खात्री उबत होती, आणि मी ती शंभर अंशांवर, जराही कमी-जास्त न होऊ देता, जपत होते.

दिवाळीच्या आधी पुण्याहून आणखी एक पत्र आले. त्यात एकच प्रश्न होता: ही अंडी फोडली नाहीत, पिल्ले बाहेर येऊ दिली, तर काय होते? सरांनी एक खेप न फोडता ठेवली. एकविसाव्या दिवशी एकोणीस पिल्ले बाहेर आली. त्यांच्यात एकही अधू नव्हते. किती वर्षांनी माझ्या दारातून पिल्ले जिवंत बाहेर पडली होती! सरांनी पेढे आणले. एक सोजराबाईंना दिला, आणि त्यांनी तो लेकीसाठी कागदात बांधून ठेवला.

खोक्यातल्या त्या पिल्लांना कण्या घालायचे कामही सोजराबाईंकडेच होते. कार्तिकातल्या एका सकाळी त्यांनी एक पिल्लू उचलले आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी पंख वर केला. बोटाने चाचपले. पिल्लू खाली ठेवून दुसरे घेतले, मग तिसरे. एकोणीसपैकी अकरा पिल्ले त्यांनी खोक्याच्या एका बाजूला केली. मग त्यांतले एक ओच्यात घेऊन त्या सरांच्या टेबलापाशी गेल्या.

"सर, ही गाठ कुठनं आली?"

सरांनी पिल्लू हातात घेतले, पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण तो एका संशोधकाचा उतरलेला चेहरा होता. त्यांच्या मनात पुण्याचे पत्र होते. "म्हणजे ती मेली नव्हती," ते स्वतःशीच म्हणाले. "गर्भ होता तोवर त्यानं धरून ठेवली. गर्भ संपला, पिल्लू झालं, आणि ती सुटली."

"आन् आईच्या अंगातली?"

"कुठल्या आईच्या?"

"गाठ आईच्या अंगात आसली, आन् ल्येकरू पोटात आसलं. मंग त्ये ल्येकरू आईची गाठ धरून ठिवतं का न्हाई?"

"नाही हो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. उलट अशा वेळी गाठ भराभर वाढते, असं म्हणतात." मग सरांनी मान वर केली. "का? कोणाला आहे?"

"माज्या पारूला. सातवा चाललाय."

माझी पितळी डबी आकसली आणि टिक वाजली.

"दवाखान्यात दाखवलं होतं?"

"चिठ्ठी व्हती. श्रावनातली. आठ दिसात जा म्हनून."

"मग का नाही गेलात?" सर ओरडलेच.

"तुमी म्हनला, गरीब गायीवानी ऱ्हाती."

"सोजराबाई, मी अंड्याबद्दल बोलत होतो!"

"व्हय सर," सोजराबाई म्हणाल्या. "म्या बी अंड्याचंच इचारलं व्हतं."

दुसऱ्याच दिवशी सर रजा टाकून त्यांच्याबरोबर विंझरला गेले. तिथून दोन तास डोंगर चढले. हे मी पाहिले नाही. नंतर खोलीत जे बोलणे झाले त्यातून मला कळले. दारात हैबतीने त्यांना अडवले होते. "या सर. कोंबडी बगाया आला का बाई बगाया?" सरांनी पारूला डोंगरावरून उतरवून टेम्पोतून पुण्याला नेले, ओळखीपाळखी काढून मोठ्या डॉक्टरांना दाखवले. गाठ काखेत, तिथून फुप्फुसात गेली होती. आता कापण्यात अर्थ नाही, मूल वाचवा, असे डॉक्टरांनी सांगितले. पारूला ते समजले तेव्हा ती म्हणाली, "म्या तरी कवा दुसरं काय म्हनत हुते?" आणि आईला म्हणाली, "तू रडू नगंस. तू खोटं न्हाई सांगितलं. तुला कळलं तसं सांगितलंस."

पौषात, वस्तीवर परतल्यावर, तिला मुलगी झाली. पोर धडधाकट होती. पाच पौंडांवर भरली. पारू बारशाच्या आदल्या दिवशी गेली.

तोवर इथे सरांनी नवी साठ अंडी माझ्यात ठेवली होती. दिवस फुकट जाऊ नयेत म्हणून नव्हे. मला वाटते, हाताला काही काम हवे म्हणून. सोजराबाई नव्हत्या तेवढे दिवस ते स्वतः सकाळ, दुपार, संध्याकाळ येऊन अंडी फिरवत. त्यांचे हात गार असत.

माघ लागल्यावर सोजराबाई परत आल्या. सर उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खरे होते. "तुम्ही मला काहीही बोला," ते म्हणाले. "मी ऐकून घेईन."

"काय बोलायचं, सर? पोरगी शेरडीच्या दुदाव हाय. बरी हाय."

"तिला जपा. दर महिन्याला तिचं अंग चाचपून बघा. मी पण येईन." मग ते घुटमळले. टेबलावरची वही उघडली, पुन्हा मिटली. "एक विचारू का? बाळापाठोपाठ पडलेली वार कुठं पुरली?"

सोजराबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "न्हानीच्या मागं. का वं?"

"नाही... त्यात गाठीच्या पेशी उतरल्या होत्या का, हे पाहता आलं असतं. पोरीच्या काळजीनंच विचारतो. म्हणजे, पोरीसाठी आणि..." सर खोटे बोलणारे नव्हते. "आणि ते कळलं असतं तर फार मोठं काम झालं असतं. वार मिळणं फार अवघड असतं. पारूबाईंची मिळाली असती तर."

"आता माती झाली आसंल, सर," सोजराबाई म्हणाल्या.

सरांनी मान हलवली आणि वहीत एक ओळ लिहिली.

"काय लिवलं?"

"वार मिळाली नाही, असं."

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे शिकून डॉक्टर होईल, कोणी प्राध्यापक होईल, कोणी मोठमोठ्या यंत्रांवर काम करील. तेव्हा माझे एवढे ऐका. कोणी तुम्हाला काही विचारले, तर उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहा. उत्तर बरोबर असूनही माणूस मरते. माझ्यातल्या पाऱ्याने कधी चूक केली नाही, सरांच्या नोंदींत कधी चूक निघाली नाही, सोजराबाईंनी एक अक्षर बदलून सांगितले नाही. आम्ही तिघेही आपापल्या जागी बरोबर होतो. आणि पारू गेली.

दुसऱ्या दिवशी सर पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले होते. सोजराबाई सहा वाजून वीस मिनिटांनी आल्या. माघाची थंडी होती. खिडकीच्या फळीवर दव होते. त्यांनी हात धुतले, पुसले, चोळून गरम केले. तापमापी पाहिली. अंड्यांचा सतरावा दिवस होता. आतली पिल्ले हलत होती, कवचाला आतून पाय लागत होते. सोजराबाईंनी एकेक अंडे उचलले आणि फुली वर येईल असे ठेवले. साठच्या साठ. त्या दिवशी त्यांनी एकही अंडे कवडशावर धरले नाही.

मग त्यांनी माझे दार नीट लावले, भिंतीवरच्या बटणाला हात घातला आणि ते बंद केले.

माझ्या तळाची वेटोळी निवू लागली. त्यांनी कुलूप लावले, किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवली आणि विंझरच्या गाडीला गेल्या. त्यांची पावले ना जलद होती ना सावकाश.

मी ऊब धरून ठेवायचा प्रयत्न केला. माझ्या भिंती दुहेरी आहेत. पारा दुपारपर्यंत ऐंशीवर आला. माझी डबी आकसून आकसून वीज जोडत होती आणि जोडायला वीज नव्हती. अंड्यांतली हालचाल आधी वाढली, मग विरळ झाली. रात्री बाहेर कडाक्याचा गारठा पडला. दुसऱ्या दिवशी उजाडताना माझ्या पोटात एकही पाय हलत नव्हता.

सर दुपारी आले. दार उघडताच त्यांना कळले. त्यांनी एका अंड्याला तळहाताने स्पर्श केला, मग आणखी एकाला. मग मागे वळून भिंतीवरच्या बटणाकडे पाहिले. खोलीतला दिवा त्यांनी आत शिरताच लावला होता आणि तो जळत होता.

ते टेबलापाशी बसले, वही उघडली, त्या तारखेपुढे पेन्सिलीने लिहिले, "वीज गेली. साठ अंडी नष्ट," आणि खाली सही केली. मग त्यांनी दिवा मालवला, आणि माझे बटण होते तसेच बंद राहू दिले.